खुणेचं पान

पान उलटलं आणि वासुदेवरावांच्या अंगाला एकदम घाम फुटला.

तसं घाम फुटायचं काही कारण नव्हतं. पौषातलं ऊन, अंगणात टाकलेली प्लास्टिकची खुर्ची, मागे हायवेवरच्या ट्रकांची घरघर. ती तर लाखनीत राहणाऱ्याला ऐकूसुद्धा येत नाही. गोष्ट मात्र भलती रंगली होती. कुठल्याशा बर्फाळ ग्रहावर माणसं बर्फाच्या पोटात गाव करून राहत होती. गावाच्या मधोमध एक विहीर, आणि विहिरीच्या तळाशी साधं पाणी नव्हे, अख्खा समुद्र. त्या समुद्राच्या उबेवर गाव जगायचं, म्हणून दरवर्षी कुणीतरी खाली उतरून तिथलं यंत्र बघून यायचं. यंदा एका बाईचा नवरा उतरला होता. तो वर आला. तोच चेहरा, तीच चाल. पण बाईनं त्याच्याकडे बघितलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. इथे वासुदेवरावांनी घाईघाईनं पान उलटलं.

पुढचं पान एक्कावन्नावं होतं. तळाशी, आकड्याच्या शेजारी, शिसपेन्सिलीनं काढलेलं एक बारीक वर्तुळ होतं आणि वर्तुळाच्या मधोमध टिंब.

ती खूण त्यांचीच होती.

आता ही खुणेची भानगड सांगायला हवी. लाखनीच्या वाचनालयात येणारे जुने वाचक म्हणजे एकेक नमुने. जन्मभर इतकं वाचलेलं, की काय वाचलं आणि काय राहिलं याचा मेळ लागत नाही. पुस्तक घरी न्यावं, दहा-वीस पानं वाचावीत आणि मग कपाळावर हात मारावा, की अरे, हे तर झालेलं आहे! त्यावर त्यांनी आपापसात तोड काढली होती. प्रत्येकाचं एक ठरलेलं पान, त्या पानावर एक ठरलेली खूण. पुस्तक वाचून संपलं की खूण करायची. नवं घेताना आधी ते पान उघडून बघायचं. टेकचंदसेठ दहाव्या पानावर फुली मारत. शकुंतलाबाई शेवटच्या पानाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावत. ग्रंथपाल उर्वशी बिचारी वैतागून जायची. "पुस्तकाईच्या पार भिंती करून टाकल्या तुमी लोकायनं," असं ती रोज म्हणायची, आणि रोज कुणी ऐकायचं नाही.

भिंतीवर खूण करण्यात वासुदेवरावांची तर हयात गेली होती. हिवताप विभागातली नोकरी. सायकलीवरून गावोगाव फिरायचं, तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि निघताना दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. भिंतीवर सही नाही म्हणजे भेट झालीच नाही, असा साहेबांचा कायदा. लोक त्यांना 'मलेरियाबाबू' म्हणत. पुस्तकातलं ते वर्तुळ आणि त्यातलं टिंब म्हणजे बोटाचं टोक आणि त्यावरचा रक्ताचा थेंब. असलं काही दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

"आता हे कसं काय?" ते स्वतःशीच पुटपुटले.

पुस्तक जुनं असतं तर ते हसले असते. वीस वर्षांपूर्वी वाचलेलं माणूस विसरतोच, त्यात काय मोठं? पण हे पुस्तक म्हणजे कालचं पोर, म्हणून तर नेताना खुणेचं पान बघायची त्यांना गरज वाटली नव्हती. मूळच्या लाखनीच्या, आता नागपूरला असलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी वाचनालयाला पेटीभर पुस्तकं भेट दिली होती. जगभरात मोठमोठे पुरस्कार मिळालेल्या विज्ञानाच्या आणि अद्भुताच्या कादंबऱ्या, सगळ्या मराठीत आणलेल्या. ती पेटी आली पोळ्याच्या सुमारास. म्हणजे खूण केली असेल तर पोळ्यानंतरच. तेव्हापासून धान कापून झालं, मळणी झाली, धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवं झालं, एवढंच. इतक्यात अख्खी कादंबरी डोक्यातून पुसली जाते? आणि पुसली जावी तीसुद्धा कशी, तर बाई, नवरा, विहीर, समुद्र, काही म्हणजे काही शिल्लक नाही!

त्या पेटीला बाकी कुणी फारसा हात लावत नसे. टेकचंदसेठ तर म्हणत, "हे काय लेकराईचं वाचाचं हाय?" वासुदेवरावांना मात्र त्या पुस्तकांनी वेड लावलं होतं. कुणी आफ्रिकेतला लेखक, कुणी कोरियातली बाई, कुणी पार अर्जेंटिनातला म्हातारा. ज्या माणसाला खात्यानं साकोलीच्या पलीकडे कधी पाठवलं नाही, तो आता दुपारच्या दुपारी तीन-तीन सूर्य बघून यायचा. निवृत्तीनंतर इतका आनंद त्यांना दुसऱ्या कशानंच दिला नव्हता.

आणि आता त्याच पुस्तकानं त्यांना धरलं होतं.

दादाजींचं असंच सुरू झालं होतं. दादाजी म्हणजे वासुदेवरावांचे सख्खे थोरले भाऊ, सानगडीला राहायचे. आधी एकच किस्सा दोनदा सांगू लागले. सगळे हसले. मग एके दिवशी खांद्यावर टॉवेल टाकून तलावावर म्हैस धुवायला गेले. म्हैस मरून कैक वर्षं झाली होती. मग बायकोला म्हणाले, "बाई, तुमी कोनाच्या घरच्या?" शेवटी शेवटी तर वासुदेवराव भेटायला गेले, की दादाजी त्यांना डॉक्टरसाहेब समजून हात जोडायचे. ज्याच्या खांद्यावर बसून लहानपणी दिवाळीनंतरची मंडईची जत्रा बघितली, त्या भावानं हात जोडावेत! तेव्हापासून वासुदेवराव मरणाला भीत नव्हते. भीत होते ते या एकाच गोष्टीला.

"काय जी, चाय थंडा करून टाकला ना?"

रुखमिणीबाई मागच्या दारातून आल्या होत्या. वासुदेवरावांनी पुस्तक झटकन मिटून मांडीखाली सारलं.

"काहून असे पाहून राहिले? भूत पाह्यलं का?"

"काई नाई. ऊन लागलं डोक्याले."

"मंग सावलीत बसा ना. ऊन काय सुटून चाललं?" असं म्हणून त्या कप उचलून गेल्या. जाता जाता मात्र एकदा वळून बघितलं.

वासुदेवराव तिथेच बसले आणि त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. नोकरीतली सगळी गावं ओळीनं म्हणून बघितली, एकही चुकलं नाही. आंधळगावच्या कुठल्या घरी कुत्रं अंगावर यायचं, कुठल्या घरची म्हातारी सुई बघूनच शिव्या घालायची, सगळं लख्ख. लग्नातला मेनू आठवला. मुलाचा, मंगेशचा, दहावीचा बैठक क्रमांकसुद्धा आठवला. त्यांना जरा धीर आला. मग एकदम आठवलं, की दादाजीसुद्धा जुनं सगळं घडाघडा सांगायचे. गावच्या जुन्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घोड्याचं नावसुद्धा सांगायचे. फक्त सकाळी जेवले की नाही, ते त्यांना सांगता यायचं नाही. धीर आला तसा गेला.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर. उर्वशी स्कूटी लावून आली, कुलूप काढता काढता हसली. "काकाजी, झाडू तुमीच माराले आले का आज?"

नेहमी या थट्टेला ते थट्टेनंच उत्तर द्यायचे. आज नुसतं हं म्हणून आत शिरले आणि थेट त्या पेटीतल्या पुस्तकांच्या कप्प्यापाशी गेले. एकेक पुस्तक काढायचं, एक्कावन्नावं पान उघडायचं. पहिलं: वाळवंटावरून चालत जाणारं शहर. खूण होती, गोष्टही आठवत होती. दुसरं: पक्ष्यांची भाषा शिकलेली राणी. खूण होती, राणीही आठवत होती. तिसऱ्यावर खूण नव्हती, ते वाचायचं राहिलेलं. चौथ्याच्या वेष्टनावर लाल पानांचं झाड होतं. एक्कावन्नाव्या पानावर वर्तुळ, वर्तुळात टिंब. वासुदेवरावांनी ते झाड डोळ्यांसमोर धरलं, मागचा मजकूर वाचला, मधलं पान वाचलं. आत कुठे काही हाललं नाही. मग आणखी एक पुस्तक, तसंच. ते पुस्तक त्यांनी कप्प्यात उलटंच खोचलं.

"काकाजी, काय धुंडून राहिले?" उर्वशी मागे येऊन उभी होती. "कोणतं नेलं अन् कोणतं राह्यलं, कंप्युटरवर पाहून सांगू का? एका मिनिटाचं काम हाय."

"नोको!"

ते इतक्या जोरात ओरडले, की पेपर वाचत बसलेल्या टेकचंदसेठनी मान वर केली. उर्वशी दोन पावलं मागे सरकली.

"राहू दे वो पोरी," वासुदेवराव आवाज उतरवून म्हणाले. "उगाच तुले तरास."

"मलेरियाबाबू आज भिंती तपासून राहिले वाटते," टेकचंदसेठ म्हणाले.

वासुदेवराव त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारू की नको, विचारू की नको, असं करता करता विचारून मोकळे झाले. "सेठ, माह्यी खूण दुसरा कोनी करते का हो?"

"तुमची? ते डास चावल्यावानी? ते कोन करन बापा!" सेठ खदखदा हसले. "काहून, इसरले का काय? आपल्या वयात होतेच तसं. मी परवा चष्मा डोळ्याले लावून चष्माच धुंडत होतो."

सेठ हसले, उर्वशी हसली, वासुदेवरावही हसले. त्यांना मनातून सेठचा हेवा वाटला. काय नशीबवान माणूस, चष्मा विसरतो! ते उठले. हायवेच्या कडेनं घराकडे निघाले आणि दुकानांच्या पाट्या वाचत चालले, जणू एखादी पाटी वाचायची राहिली तर घर सापडणार नाही. आपलं आपल्यालाच हसू यावं अशी ती दशा होती, पण हसू येत नव्हतं.

अर्ध्या वाटेत त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, रुखमिणी आहे ना!

वाचलेली गोष्ट रुखमिणीबाईंना सांगितल्याशिवाय वासुदेवरावांना चैन पडत नसे. त्यांचा हा लग्नापासूनचा शिरस्ता. रुखमिणीबाई स्वतः पुस्तकाच्या वाटेला जात नसत. चौथीपर्यंतची शाळा आणि मग धानाची रोवणी. पण संध्याकाळी काही निवडायला, सोलायला बसल्या, की वासुदेवराव सांगायचे आणि त्या ऐकायच्या. आणि त्यांची आठवण म्हणजे! कोणाच्या लग्नात कोणी कोणत्या रंगाचं पातळ आणलं होतं, हे त्या तीस वर्षांनी सांगून भांडण उकरून काढत. तेव्हा ही बर्फाची गोष्ट खरंच आधी वाचलेली असेल, तर तिला सांगितलेली असणारच. आणि तिला सांगितलेली असेल, तर ती पहिल्याच वाक्याला म्हणणार, "हे तं झालं ना जी!" आणि नाही म्हणाली, तर ती खूण आपली नाही. कुणी का केली असेना, आपली नाही. वासुदेवराव झपाझप चालू लागले. संध्याकाळ होईपर्यंत त्यांनी घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की रुखमिणीबाई म्हणाल्या, "पोटात दुखून राह्यलं का तुमच्या?"

दिवेलागणीला रुखमिणीबाई ओसरीवर वालाच्या शेंगा सोलायला बसल्या. वासुदेवराव समोर पाट घेऊन बसले. घसा खाकरला. सरकारी परीक्षेला बसतानाही छाती अशी धडधडली नव्हती.

"एक नवीन गोष्ट वाचून राहिलो," ते म्हणाले आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बसले.

"कोनत्या मुलखाची?"

"एक ग्रह हाय. नुसता बर्फ. लोकं बर्फाच्या आत राहतेत."

"मायबाई! थंडी नाई वाजत त्यायले?" रुखमिणीबाईंच्या हातातली शेंग फुटली, दाणे परातीत पडले.

वासुदेवराव सांगत गेले. विहीर सांगितली, विहिरीखालचा समुद्र सांगितला. बाईचं नाव काहीतरी परदेशी होतं. ते तिच्या तोंडात बसणार नाही म्हणून त्यांनी तिला विमला करून टाकलं. विमलाचा नवरा दोराला धरून खाली गेला. गाव वर वाट बघत बसलं. दोर हलला. नवरा वर आला. जुन्या काळी कुणी कुणी असं वर आलं होतं, की चेहरा त्याचा पण आतला माणूस भलताच. तसा कुणी आला, तर गावाचा कायदा असा, की त्याला दाराबाहेर बर्फात काढून द्यायचं.

"अन् मंग?" रुखमिणीबाईंनी विचारलं. हात थांबले होते.

"मंग विमलानं त्याच्याकडं पाह्यलं, अन् तिले भेव लागलं."

"काहून?"

"तेच तं उद्या समजन. मी एवढंच वाचलं."

रुखमिणीबाई 'काय बाई तरी एकेक' म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. नाही, एक शब्दानंही म्हणाल्या नाहीत, की हे झालं! चेहऱ्यावर रेघ हलली नाही. वासुदेवरावांना वाटलं, उठून तिला उचलून घ्यावं. अंगातून मणाचं ओझं उतरलं. खूण आपली नाही! दुसऱ्या कुणाची तरी, डास चावल्यावानी. उद्या टेकचंदसेठला सांगतो, शोधा म्हणावं त्या चोराला. ती दोन पुस्तकं? ती काही फार चांगली नसतील, म्हणून आठवत नसतील. पुरस्कार काय, कोणालाही देतात!

"रुखमिणी, भूक लागली बापा," ते म्हणाले. कालपासून घास गोड लागला नव्हता.

भाजी शिजली तसे ते मांडी ठोकून बसले. रुखमिणीबाईंनी भात वाढला, वर शेंगांची भाजी घातली. वासुदेवराव मोठमोठे घास घेत बोलत होते. आनंद झाला की त्यांना बोलायला फार लागे. "त्या लेखिकेले मोठं बक्षीस भेटलं म्हणते. भेटलंच पाह्यजे. आता पाय ना, तो नवरा खरा का खोटा, काई समजूच देत नाई."

"खरा कायचा जी?" रुखमिणीबाई आणखी भात वाढता वाढता म्हणाल्या. "घरच्या कुत्र्याचं नाव तं आठवत नाई त्याले."

वासुदेवरावांचा घास हातातच राहिला.

"कोनता कुत्रा?"

रुखमिणीबाईंच्या हातातला भाताचा चमचा ताटावर तसाच थांबला.

"मी कुत्र्याचं कवा सांगतलं?" वासुदेवरावांनी विचारलं.

"आताच तं सांगतलं तुमी…"

"नाई सांगतलं. मले मालूमच नाई कुत्र्याचं."

ते उष्ट्या हातानं उठले, डाव्या हातानं पुस्तक काढलं. एक्कावन्नच्या पुढे पान, पान, पान. कुत्रा कुठेच नव्हता. त्यांनी देवाला हात जोडले, कुत्रा नसू दे म्हणाले. मग पुष्कळ पुढे, अर्धं पुस्तक ओलांडल्यावर, कुत्रा आला. काळा, एक कान फाटका. नवऱ्याच्या पायाशी येऊन शेपटी हलवत उभा राहिला, आणि नवऱ्याला त्याचं नाव येईना.

वासुदेवराव परत येऊन ताटावर बसले.

"कितव्या खेपेले सांगून राहिलो मी हे?"

"मी नाई मोजलं जी."

"सांगतलं काहून नाई मंग? पुतळ्यावानी आयकत बसली!"

रागावून ते रुखमिणीबाईंवर कधी ओरडत नसत. आज आवाज चढला. रुखमिणीबाईंनी चमचा खाली ठेवला. पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "पह्यले वाटलं, मजाक करून राहिले. तुमी तं तेच सांगून राहिले, तिथंच थांबून राहिले, तसंच माह्या तोंडाकडं पाहून राहिले. मंग मले जे भेव लागलं… मोरीचं दार लावून रडली मी. वाटे, आपण बोललो अन् तेच खरं झालं तं? नाई बोललो तं जाईन निघून, तापावानी. म्हणून मंग म्हणत बसली, मंग काय झालं, मंग काय झालं."

"दादाजीवानी होऊन राह्यलं माह्यं."

"दादाजीचं नाव नोका घेऊ!"

पण ते नाव आता घरात येऊन बसलं होतं. दोघंही त्याच्याकडे बघत होते. वासुदेवरावांना आठवलं, वहिनीसुद्धा शेवटपर्यंत अशाच वागल्या. दादाजी विचारायचे, बाई तुमी कोनाच्या, आणि वहिनी म्हणायच्या, मी पावणी आली हाओ. त्या वेळी वासुदेवरावांना वहिनींची कीव आली होती. रुखमिणीवर ती पाळी येणार, या विचारानं त्यांना स्वतःच्या भीतीपेक्षा मोठी भीती वाटली. इतकी, की त्यांनी ताट बाजूला सारलं आणि तिचा हात धरला. भाताची शितं तिच्याही हाताला लागली.

"पुढं काय होते?" त्यांनी विचारलं.

"कायच्या पुढं?"

"गोष्टीत. विमलाचं काय होते? तुले तं पूर्ण मालूम असन."

रुखमिणीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. जन्मात कधी त्यांनी गोष्ट सांगितली नव्हती. लाजल्या. मग नाक पुसून, गळ्यातलं मंगळसूत्र सारखं करून सांगायला लागल्या. "मंग काय, विमला त्याले लपवून ठेवते. लोकायनं कुत्र्याचं इचारलं, तं हीच पटकन नाव घेऊन कुत्र्याले हाक मारते. त्याले रस्ता सुधरत नाई, तं ही पुढं चालते अन् तो मागून येते. पण गाव काय आंधळं हाय? कोनी तरी पाह्यलंच. अन् मंग एका दिवशी पंचायत घरी आली. दारात उभी. म्हणे, खरं सांग, हा तुहाच नवरा हाय का?"

तेवढ्यात फोन वाजला.

मंगेश, पुण्याला असलेला मुलगा. रोज याच वेळेला करायचा. रुखमिणीबाईंना कानाला लावून नीट ऐकू येत नसे, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर टाकलेला.

"आई, जेवण झालं का?"

"होऊन राह्यलं."

"थंडी कशी हाय तिकडं?" आणि मग, रोज विचारायचा तसंच, "बाबूजी बरे हायेत ना?"

रुखमिणीबाईंनी वासुदेवरावांकडे बघितलं. "हाव… बरे…" त्या म्हणाल्या.

वासुदेवरावांनी हात पुढे केला आणि फोन काढून घेतला.

"मंगेस, मी बोलून राहिलो. नागपूरले डोक्याचा चांगला डॉक्टर कोन हाय, तपास कर. मले दाखवाचं हाय."

"काय झालं बाबूजी? पडले का?"

"पडलो नाई. वाचलेलं इसरून राहिलो."

मंगेशचा आवाज एकदम लहान पोराचा झाला. "वाचलेलंच ना, बाबूजी?"

"सध्या वाचलेलंच."

"मोठ्या बाबूजीवानी तं नाई ना?"

"तसं असन तं असन," वासुदेवराव म्हणाले. "डॉक्टर पाहीन अन् सांगन. अन् एक आयक. यापुढं आईले नोको इचारू, बाबूजी बरे हायेत का म्हणून. मलेच इचारत जाय. मले सांगता येते तोवर मीच सांगन."

मंगेश काहीतरी बोलत होता, या शनिवारी येतो, बायकोला, डिंपललाही घेऊन येतो, घाबरू नका. वासुदेवराव हाव हाव म्हणत राहिले. फोन बंद झाला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. भीती कुठे गेली नव्हती. ती तिथेच होती, जेवायच्या जागेवर, दोघांच्या मध्ये. रुखमिणीबाई पदरात तोंड घालून रडत होत्या आणि त्यांनी त्यांना रडू दिलं.

मग ते म्हणाले, "सांग ना आता."

"काय सांगू?"

"पंचायत दारात उभी हाय ना. विमलानं काय म्हणलं?"

रुखमिणीबाईंनी डोळे पुसले. निवलेल्या भातावर गरम वरण वाढलं.

"म्हणली, हाव, माहाच हाय," त्या म्हणाल्या. "म्हणली, आत या अन् बसा, तो जेवून राह्यला."

वासुदेवरावांनी मान हलवली आणि ताट पुढे ओढलं.